पिकायची वाट

आई, आज नामपूरहून नाशिकला परतले ती चिडलेलीच, आणि घरात चिडायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला लिहितेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विंचूरच्या त्या कांद्याच्या खळ्यावरून माझं मन हलत नाही. तू ढिगापुढे बसून कांदा निवडतेस. समोरचा नासका कांदा तुला बरोबर दिसतो, कडेचा सुटतो. मुकादम ओरडतो, "ए म्हातारे, बाजूचं दिसत नाय का?" घरी पेले लवंडायचे, दाराची चौकट खांद्याला लागायची. तू म्हणायचीस, वय झालं.

मग शाळेच्या ओट्यावर शिबिर भरलं. सरकारी दवाखान्यात डोळे तपासणाऱ्याची खुर्ची होती, माणूस नव्हता. शिबिरात चष्मे विकणाऱ्यानंच तुझ्या डोळ्यात बॅटरी मारली. "मोतीबिंदू हाय मावशी. अजून पिकला नाय. पिकू द्या, पुढच्या खेपेला काढू." तुला ते लगेच पटलं. सगळा जन्म द्राक्षबागेत आणि कांद्यात गेलेला. मी नाशिकला चल म्हणून मागे लागले, तर मलाच झापलंस, "घाईनं तोडलेलं द्राक्ष आंबटच निघतं. गप बस." आणि वाट बघत राहिलीस. तो मोतीबिंदू नव्हताच गं, काचबिंदू होता. तो पिकत नाही, नुसती नजर खातो, आणि खाल्लेली परत देत नाही. हे सांगणारा डॉक्टर भेटला तोवर तुला माझा चेहराही दिसत नव्हता. तो चाचपत तू विचारलंस, "आता पिकलाय का गं?"

त्या रागापायी मी डोळे तपासायला शिकले. वाटलं होतं, विंचूरच्या त्या खुर्चीत बसेन आणि प्रश्न मिटेल. आता विंचूरला मी, सायखेड्याला मी, नामपूरलाही मीच. साहेबांना विचारलं की म्हणतात, "माणसंच मिळत नाहीत मॅडम. तुम्ही आहात ना!" माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी शहरात गारेगार दुकानांत फ्रेम विकतात. पूर्वी त्यांचा राग यायचा, आता हेवा वाटतो. शिबिरं अजून भरतात, हारतुरे होतात, फोटो निघतात. खुर्च्या मात्र तशाच रिकाम्या.

आज नामपूरला बाजार होता, रांग पार फाटकाबाहेर गेलेली. तुझ्या वयाची एक बाई आत आली आणि येतानाच तिचा खांदा दाराला धडकला. "कडले अंधार शे, ताई," ती म्हणाली. मी तक्ता वाचायला लावला, समोरचं तिनं सगळं वाचलं. डोळ्यांचा दाब बघायला हवा होता, सावकाश तपासायला हवं होतं. मागे लोकांचा आरडाओरडा, माझी शेवटची एसटी सुटायला आलेली. मी म्हणाले, "मावशी, पुढच्या खेपेला या, नीट बघू." तिनं तुझ्यासारखीच मान डोलावली आणि चौकट चाचपत निघून गेली.

मी काय बोलले ते एसटीत बसल्यावर मला कळलं. तरी उतरले नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, राहील उशीखाली. फक्त एक सांगते. पुढची खेप कधी, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.