कार्पेटाच्या पाठीवरचा ‘द’

पुंडलिकनगर, औरंगाबाद
७ नोव्हेंबर १९९४

ती. चतुराक्काच्या चरणी धाकट्या कारभारीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मायला तुझ्याकडं सोडून आलो आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीला हात घातला. भिंतीची ओल, नवा गिलावा, खाली नवी फरशी. तिला दिसत नाही, मग खोली कशीही चालेल, असं इथले लोक म्हणतात. मला ते पटत नाही.

अडचण कार्पेटाची होती. हॉटेलच्या लिलावातलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध. मिस्त्री कापून काढतो म्हणाला. त्याला बाजूला केलं. कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्यांवरून पकडीनं बोट बोट सोडवलं, एक धागा तुटला नाही. पाठीमागं एका कडेवर खडूनं ‘द’ लिहिला. एक कड ठरली की बाकीच्या तीन आपोआप ठरतात. गुंडाळी आडवी ठेवलीय. उभी ठेवली की मुरड पडते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मायला जपशीलच. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
कारभारी

चितेगाव
१२ नोव्हेंबर

चि. कारभारीस चतुराक्काचे लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, लहानपणी घोंगडीच्या दशा मोजीत बसायचा, आता कार्पेटाच्या मोजतोय.

तिला इथं करमत नाय असं नाय, पण रोज इचारती, माझी खोली झाली का. इथं मोरीपर्यंत बी मी हात धरून नेती, ते तिला आवडत नाय. कारभारीच्या घरी मी एकटी फिरते, म्हणती. तवा नक्षीकाम करीत बसू नको, बेगीनं उरक. सरूबाईला माझी आठवण सांग. ती तुझ्यासंगं कशी नांदती, तिलाच ठावं.

जीव लावून असणारी
चतुराक्का

पुंडलिकनगर
२७ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माय येऊन चार दिवस झाले आणि माझं डोकं चालेनासं झालंय. कार्पेट मी स्वतः बसवलं. होकायंत्र ठेवून दिशा पाहिली, गुडघ्यानं रेटून ताणलं, चारही कडा सुतात. बाज, तांब्या, कपाट, सगळं टेप लावून जुन्या जागी. तरी माय दाराकडं म्हणून निघते आणि समोरच्या, खिडकीच्या भिंतीवर जाऊन आदळते. काल कपाळाला टेंगूळ आलं.

म्हणते, ही माझी खोली नाही, कुणाच्या घरात आणून टाकलंस. मी समजावलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, मी कारभारीच असल्याची खात्री केली, आणि पुन्हा तेच विचारलं. सरू म्हणते कार्पेटाचा रंगसुद्धा पालटलाय. तो भिंतीच्या नव्या चुन्याचा परिणाम, असं तिला सांगितलं.

शेजारचे बद्रीनाथराव म्हणतात, वयानं डोकं फिरतं. बाहेरून कडी लावत चला, नाहीतर एक दिवस रस्त्यावर जाईल. कडी आणून ठेवलीय. बसवायला हात होत नाही. काय करावं, लवकर लिही. तेवढाच आधार.

कारभारी

चितेगाव
१ डिसेंबर

चि. कारभारीस आशीर्वाद.

मायचं डोकं जाग्यावर हाय. तिनं मला इथंच सांगितलं व्हतं. मेंढीच्या पाठीवरून शेपटाकडं हात फिरवला की लव निजती, उलटा फिरवला की उठती. तुझ्या कार्पेटाचं बी तसंच. दाराकडं जाताना लव पायाखाली निजायची, बाजेकडं येताना तळव्याला टोचायची. तीच तिची वाट.

तू सातवीपर्यंत मेंढरामागं फिरलास, हे म्या सांगावं व्हय? चपला काढ अन् डोळे मिटून चालून बघ. कडी लावलीस तर तिथं येऊन तुलाच कोंडीन.

रागावली तरी तुझीच
चतुराक्का

पुंडलिकनगर
५ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

डोळे मिटून चाललो. दाराकडं जाताना टोचलं.

खिडकीकडची कड उचलली. ‘द’ तिथंच, दक्षिणेला. बरोबरच, असं वाटलं, आणि मग आठवलं. लिहिताना मी तो दाराचा ‘द’ लिहिला होता. बसवताना दक्षिणेचा वाचला. आणि दार आहे उत्तरेला. अक्षर माझं, होकायंत्र माझं. खोली चारी कोपऱ्यांत काटकोनात, म्हणून उलटं फिरूनही सुतात बसलं. सरूला सांगितलं. तिला रंग पालटलेला दिसला तो लव उलटी झाल्यानंच. तिनं पकड आणून दिली.

काल फिरवून बसवलं. मायला सांगितलं नाही. बाजेवरून उतरली, पाऊल एकदा पुढं घासलं, एकदा मागं, आणि सरळ येऊन दाराची चौकट धरली. मी तिथंच उभा होतो. माझ्या छातीला हात लागला तसं म्हणाली, इतके दिवस कुठं होतास रे.

कडी भंगारात दिली. पाठीवर आता ‘दार’ असा पुरा शब्द लिहिलाय, ऑइलपेंटनं.

तुझी माया अशीच सुलटी राहू दे.

तुझा
कारभारी