आधी धुतलेले हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित हे लिहायचं धाडस होतं आहे. तुला जाऊन आठ वर्षं झाली. आता परमुलखात कुठंतरी लढाई लागली आहे म्हणतात, त्यानं कापसाला भाव आला, आणि अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग आहे. वाटेवरच्या बाभळींनाही कापूस लागलेला दिसतो.

अमरावतीच्या दवाखान्यात बायांना बाळंतपणाचं आणि रोग्यांच्या शुश्रूषेचं काम शिकवायचा वर्ग निघाला. त्याची परीक्षा मी पास झाले. आपल्या घरात पाटी धरलेलीही मीच पहिली. ती पाटी तू एका बाळंतिणीच्या घरून, मिळायच्या लुगड्याऐवजी, मागून आणली होतीस.

वर्गात पहिल्याच दिवशी डॉक्टरसाहेब म्हणाले, बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवा. बाया हसल्या. विटाळ तर नंतर होतो, आधी काय धुवायचं? मला मात्र आपली चूल दिसली. तू कढत पाणी आणि राख घेऊन कोपरापर्यंत हात घासते आहेस. मी विचारते, "आताच काहून धुतं?" तू म्हणतेस, "लेकरू कोरं येते बाई. त्याले पहिलाच हात मळका लावू काय?" एकदा मी मळकेच हात घेऊन तान्ह्याकडे धावले, तर तू माझ्या हातावर चापट मारली होतीस. हे सगळं वर्गात सांगायचं होतं. मी पाटीवर साहेबांचं वाक्य लिहून घेतलं.

मग साहेबांनी मला पुढच्या वर्गासाठी गावोगाव पोरी आणायला पाठवलं. कोणत्याही घरची चालेल, म्हणाले. हिवरखेडला बाया जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या पोरी गेल्यावर वेचणी कोन करन, तुहा डाक्टर?" सगळ्या हसल्या. मग तिनं विचारलं, "तू कोनाची वं?"

"दवाखान्याची."

"मायचं विचारून राहिली मी."

मी म्हणाले, "माय कापूस वेचे."

पुढं मी राख आणि पाणी घेऊन हात कसे धुवायचे ते दाखवलं. लांब निंबाखाली गावच्या सुइणीची पोर उभी होती, पंधरा-सोळा वर्षांची. ती तिथूनच म्हणाली, "माही माय असंच धुते." बाया तिच्याकडं वळल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही साहेबांची रीत आहे." ती निघून गेली. त्या दिवशी एकही पोर माझ्याबरोबर आली नाही.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले, फक्त तिच्यासाठी. दारात तिची माय होती.

"पोरगी गेली वरूडकडं, मामाच्या गावाले, वेचणीले," ती म्हणाली. "लय सांगून पाह्यलं तिले, वर्गाले जाय म्हनून. म्हने, ती बाई चांगल्या घरची हाय. ते काम तसल्या घरच्याईचं, आपलं नाही."

मी म्हणाले, "मावशी, माही माय सुईणच होती."

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. "मंग तवा काहून नाही बोलली वं?"

मी एकटीच अमरावतीला परतले. नवा वर्ग सुरू झाला आहे. त्या पोरीची जागा रिकामी आहे.

हे पत्र धाडायला ठिकाण नाही, ते माझ्याच पेटीत राहील. आणि माय, त्या मावशीला खरं सांगण्याआधीही मी एकदा मागं वळून पाहिलं होतं, रस्त्यावर ऐकायला कोणी नाही ना.