तासकुदुकचे सांधे

५ जानेवारी, रविवार

सहा नंबरचा हीटर गेला. आठवड्यातला दुसरा.

इथे दोह्यात ऑफिसचा एसी नको तितका थंड, मी शाल पांघरून बसलेले, आणि समोर स्क्रीनवर उणे सत्तावीस. तासकुदुक. कझाकस्तानच्या उत्तरेचं एक एवढंसं स्टेशन. खाणीची खासगी लाइन, आजूबाजूला नुसतं सपाट माळरान, आता सगळं पांढरं. तिथले रेल्वेचे पॉइंट हिवाळाभर चालू ठेवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे. दिवसपाळीचं डेस्क माझं. बर्फ मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, मनालीला, तोही चिखल झालेला.

मयूर डिसेंबरपासून तिथे आहे. आमच्याच टीममधला, चिपळूणचा, लग्न व्हायचंय अजून. फोनवर म्हणाला, "ताई, नाकातले केस गोठतात हो. हसू नका, खरंच."

हसले मी.

८ जानेवारी

ईश्वरीनं जेवताना विचारलं, "आई, व्हॉट डू यू ॲक्चुअली डू?" शाळेत सांगायचंय म्हणे.

तिच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवून दाखवलं. एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे एक निमुळतं लोखंडी पातं असतं. ते एका बाजूला चिकटलं की गाडी इकडे, दुसऱ्या बाजूला चिकटलं की तिकडे. मराठीत सांधा, ऑफिसात पॉइंट. फटीत बर्फ दबून बसला की पातं पूर्ण चिकटत नाही, आणि थोडी जरी फट राहिली तरी चाक रुळावरून खाली. म्हणून रुळाला हीटर लावलेले. आणि हीटर पुरे पडला नाही तर पॉइंट मधून मधून इकडून तिकडे हलवत राहायचा, म्हणजे गोठत नाही. ते हलवायचं बटण माझ्याकडे.

"लाइक स्टरिंग खीर. सो इट डझन्ट स्टिक."

हो, तसंच. आणि तरी अडकलाच तर? तर मयूरकाका आणि तिथला अमान जाऊन हातानं बर्फ काढतात.

"अँड इफ यू प्रेस द बटन देन?"

गिरीशनं जेवता जेवता वर पाहिलं. मी म्हटलं, नाही दाबत. ते आधी मला फोन करतात, मी ब्लॉक लावते, ब्लॉक असला की बटण चालतच नाही.

तिचं समाधान झालं. पट्ट्या घेऊन गेली.

१२ जानेवारी, रविवार

हेमचंद्र सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, उद्यापासून 'ऑटो'. पॉइंट आपोआप हलत राहतील, थोड्या थोड्या वेळानं, सगळे. तिथल्या स्टेशनातला कॉम्प्युटरच ते करेल. हीटर बंद पडताहेत, क्लायंट ओरडतोय, एक माणूस दिवसभर बटणं दाबत बसणार का — बरोबरच आहे त्यांचं. मी विचारलं, ब्लॉकचं काय? म्हणाले, ब्लॉक तसाच राहील, नयना. तुम्ही लावलात की त्या पॉइंटचं ऑटो थांबेल.

मग ठीक.

मयूरला सांगितलं तेव्हा तो अमानशी काहीतरी बोलला. अमान तिथलाच, पन्नाशीचा, रुळाच्या देखभालीला बरीच वर्षं. इंग्रजी मोडकं. मागून त्याचा आवाज आला, मग मयूर म्हणाला, "तो विचारतोय, मशीनला कसं कळणार की आम्ही तिथे आहोत?"

"मी सांगेन ना मशीनला."

"तेच सांगितलं मी."

१४ जानेवारी

संक्रांत. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या मंडळींकडे हळदीकुंकू. काळी साडी नेसायला मिळते एवढी थंडी तरी इथे पडते! मयूरला तिळगुळाचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे दिसलं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी तासकुदुकची लिंक पाच-दहा मिनिटं गेली. वाऱ्यानं जाते, नवीन नाही. जाण्याआधी मी चार नंबरला ब्लॉक लावलेला होता, नुसता टेस्टसाठी, तिथे कोणी नव्हतं. लिंक परत आली तर ब्लॉक नाही! मी काढला नव्हता. आणि माझ्या डोळ्यांसमोर चार नंबर हलला. गेला, आला.

पुन्हा करून पाहिलं. लिंक मुद्दाम तोडली. पुन्हा तेच. लिंक तुटली की तिथला कॉम्प्युटर सगळे ब्लॉक विसरतो आणि ऑटो चालू ठेवतो.

सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्वतः करून पाहिलं, चेहरा पडला त्यांचा. वाईट माणूस नाही तो. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच फोन लावला. पॅच पुढच्या आठवड्यात. इन्शाल्ला. "तोपर्यंत ऑटो बंद ठेवू या?" मी विचारलं. म्हणाले, "बंद ठेवलं तर दोन दिवसांत यार्ड गोठेल, नयना. तुम्हाला माहितीये."

मयूरला फोन केला. ब्लॉकवर विसंबू नकोस. प्रत्येक पॉइंटच्या मोटरला हाताचं हँडल असतं, ते घातलं की मोटरची वीजच तुटते. हँडल घातल्याशिवाय हात घालायचा नाही, कोणीच नाही. तो म्हणाला, "ताई, त्या पेटीचं झाकण बर्फ धरून बसतं. ते उघडेपर्यंत बोटं राहत नाहीत."

"तरी."

"बरं."

बरं म्हणाला. पण कसं म्हणाला!

१९ जानेवारी, रविवार

तीन हीटर बंद. सुटे भाग मॉस्कोहून निघालेत, कुठेतरी अडकलेत.

मयूरचा आवाज बदललाय. पूर्वी फोन केला की आधी पाच मिनिटं गंमत — तिथला घोडीच्या दुधाचा चहा, अमानच्या बायकोनं दिलेले लोकरी मोजे. आता कामापुरतं. आज एवढंच म्हणाला की बुरान येतोय. बुरान म्हणजे त्यांच्याकडचं हिमवादळ. आकाश तर स्वच्छ आहे, पण स्टेशनचं कुत्रं सकाळपासून आत येऊन बसलंय, दाराकडे तोंड करून, आणि खायला दिलेलं खात नाही.

गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, कुत्र्याचं काय घेऊन बसलीस. पण जेवण झाल्यावर स्वतःहून विचारलं, "ऑटो चालूच आहे?"

२० जानेवारी

दोह्यात दाट धुकं. गिरीशची मेसईदच्या प्लांटची बस उशिरा, शाळेची बस उशिरा. बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसेना.

२१ जानेवारी, मंगळवार

ईश्वरी गिरीशजवळ आहे. मी आतल्या खोलीत बसून लिहितेय.

सकाळीच स्क्रीनवर वारा चढला. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं, मग कॅमेरा बंद. खाणीवरून कामगारांची गाडी सुटलेली, दोन डबे, बायका-मुलंही असतात तिच्यात. आणि चार नंबर अडकला. पातं बसेना. तो बसल्याशिवाय गाडी स्टेशनात घेता येत नाही.

मयूरचा फोन, सॅटेलाइटवरून. ओरडून बोलत होता. "ताई, चार नंबरवर जातोय. मी आणि अमान. ब्लॉक द्या."

"हँडल घालणार ना?"

"बघतो. द्या ब्लॉक."

दिला. हिरवी कडी उमटली. चार नंबर, ब्लॉक. मी तसं सांगितलं, त्यानं फोन ठेवला.

मग लिंक गेली.

स्क्रीन राखाडी. मी मयूरला लावला, उचलेना. बाहेर वाऱ्यात फोन खिशात, कसा ऐकू येणार! पुन्हा लावला, पुन्हा. ब्लॉक तिथे राहिलेला नाही हे मला माहीत होतं. त्याला लिंक गेल्याचंच माहीत नव्हतं. ऑटो कोणत्याही क्षणी चार नंबर हलवणार. पात्याची ताकद मी पाहिलीय, फॅक्टरीत टेस्टला लाकडाचा ओंडका चिरडून दाखवतात.

सरांना फोन. बंद. ते द पर्लवर क्लायंटसोबत लंचला, फोन बंद ठेवूनच बसतात. शेजारच्या डेस्कवरची अनुष्का उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

दुसरी एक लाइन आहे, सॅटेलाइटची. तिच्यावरून एकच काम होतं — अख्ख्या यार्डची वीज तोडणं. आगीबिगीसाठी ठेवलेली. तोडली की मोटर बंद, हीटर बंद, आणि सिग्नल बॅटरीवर, सगळे लाल. म्हणजे हँडलचं सुद्धा काम नाही, कोणाच्याही हाताला धोका नाही. पण सगळे पॉइंट तासाभरात गोठणार आणि गाडी माळावर उभी. किती वेळ, देव जाणे. आणि ती तोडायची परवानगी फक्त सरांना.

अनुष्का म्हणाली, "वेट फॉर हिम, नयना. त्यांनी हँडल घातलंही असेल."

घातलंही असेल.

मी वीज तोडली.

मग काही नाही. राखाडी स्क्रीन. सर आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. काय केलं ते सांगितलं. त्यांनी टाय सैल केला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

मयूरचा फोन बऱ्याच उशिरानं आला. आधी नुसता श्वास. मग म्हणाला, झाकण उघडलंच नाही. अमान पोटावर झोपून दोन्ही हात कोपरापर्यंत फटीत घालून बर्फ खरवडत होता. मोटर सुरू झाली. पातं सरकलं, अमानचा हातमोजा धरला त्यानं, आणि तिथेच थांबलं. मोटर बंद पडली.

"ताई, तुम्ही केलंत का?"

हो म्हटलं.

तो रडायला लागला. मागे अमान काहीतरी बोलत होता, मला कळलं नाही. दोन बोटं सुजलीत, म्हणे. बाकी हात आहेत.

२२ जानेवारी

गाडी रात्रभर माळावर उभी होती. बुरान उतरल्यावर खाणीच्या इंजिनानं जाऊन तिला ओढून आणलं. क्लायंट भडकलाय. सर म्हणाले, "एकाही प्रवाशाला काही झालं नाही. तुम्ही घरी जा आज." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, स्क्रीनकडे बघून.

ऑटो बंद केलंय. आधीच करायला हवं होतं, हे कोणी बोललं नाही.

गिरीश म्हणाला, "तू दुसरं काय करणार होतीस?" मला माहीत नाही त्यानं हे का विचारलं. मी काही म्हटलंच नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

मयूरला फोन केला. अमान कसा आहे? बरा आहे. दे त्याला, मला बोलायचंय. नाहीये इथे. सगळी माणसं लाइनवर गेलीत, स्नोमोबाइल घेऊन.

"कशाला?"

"असंच. लाइन बघायला."

"सगळी?"

"ताई, मी नंतर करतो."

केला नाही.

३० जानेवारी

पॅच आला. पाच वेळा लिंक तोडून पाहिली. ब्लॉक राहतो. झालं, इतकं सोपं होतं.

मयूर मेसेजला उत्तर देतो, एका शब्दात. मला वाटतं तो घाबरलाय अजून. साहजिक आहे. सरांना म्हटलं, त्याला परत बोलवा. म्हणाले, "थोडं थांबू. तिथली चौकशी संपू दे." कसली चौकशी? "नेहमीची."

११ फेब्रुवारी, मंगळवार

इथल्या स्पोर्ट्स डेची सुट्टी. समुद्रकाठी कॉर्निशवर कंपनीचा वॉक, सगळे एकसारखे टी-शर्ट घालून. शेवटी माइकवरून माझं नाव. सेफ्टी ॲवॉर्ड. वेळेवर घेतलेल्या निर्णयामुळे एका सहकाऱ्याचे हात वाचले, वगैरे. टाळ्या. ईश्वरी उड्या मारत होती. गिरीशनं फोटो काढला.

हेमचंद्र सरांनी काचेची ट्रॉफी हातात दिली. त्यांचा हात गार होता. "अभिनंदन," म्हणाले, आणि पुढचं वाक्य सुरू करून थांबले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप दिवसांनी बरं वाटलं. आई-बाबांना नाशिकला व्हिडिओ कॉल केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मयूर परत आला. विमानतळावरून थेट आमच्याकडे, बॅग दारातच. बस म्हटलं तर बसला नाही, उभ्यानंच सांगितलं.

त्या दिवशी मी वीज तोडली तेव्हा स्टेशनचा रेडिओही बंद झाला होता. मला ते माहीत नव्हतं. लाल सिग्नल पाहून गाडी थांबली, स्टेशन उत्तर देईना. म्हणून ड्रायव्हरचा सहायक खाली उतरला, काय झालं ते विचारायला. रूळ धरून स्टेशनकडे चालत निघाला. एर्लान नाव त्याचं. अमानच्या बहिणीचा मुलगा.

सरांना दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं.

कुत्री नेली, सगळं करून झालं. आता शोध थांबवलाय. एप्रिलमध्ये बर्फ उतरेल तेव्हा सापडेल, असं अमान म्हणतो.