दवाखान्याची कपाटं आणि मी

३ मार्च, सकाळी
देवाचं नाव घेऊन आजपासून आमच्या फर्निचरच्या कारखान्यातला कॉम्प्युटर माझ्या हाती. सून आठवडाभर कसल्याशा ट्रेनिंगला गेली. दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची कपाटं वेळेवर आणि नीट गेली, तर आकड्यांचं काम कायमचं तुझ्याकडे, असं हे म्हणाले. म्हणजे झालंच.
पण ते ऑफिस! शी. कीबोर्डच्या फटीत बिस्किटांचा भुगा, माऊसवर तेलकट थर, चहाच्या कपात लाकडाचा भुसा तरंगतोय. शिकलेली माणसं ही! घरून धुतलेलं फडकं नेलं. नवं कशाला फुकट घालवा?

दुपारी
सुनेनं जाताना समजावलेलं असं: कॉम्प्युटरात कपाटाचं एक चित्र, शेजारी एक तक्ता. तक्त्यात उंची, रुंदी, खोली भरली की चित्र आपोआप तेवढं होतं आणि मशीन तसा प्लाय कापतं. पहिलं कपाट पहिली ओळ वाचतं, दुसरं दुसरी. आई, तुम्ही फक्त आकडे भरा, बाकी कशाला हात लावू नका.
मला शिकवते! मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते मी. लग्न झाल्यापासून घरखर्च लिहितेय, एक खाडाखोड दाखवा.

४ मार्च
आकडे भरले: आधी औषधांचं कपाट, मग बेसिनखालचं, चपलांचं, शेवटी फायलींचं. चारदा तपासले. मग लक्षात आलं, तक्ता सुरूच मुळी आकड्यांनी होतो! वर 'श्री' नाही! धंद्याला बरकत येणार कुठून? अगदी वर एक नवी ओळ घातली, मधोमध 'श्री' लिहिलं. मन कसं प्रसन्न झालं. तेवढ्यात लाल पट्टी आली, आत इंग्रजीत काहीबाही. ओके दाबलं. गेली. देवापुढे मशीनचंही चालत नाही.
चित्रं उघडून पाहिली नाहीत. आकडे बरोबर असल्यावर चित्रं बघत वीज कशाला जाळायची?

६ मार्च
सुतार दात कोरत आला. म्हणे वहिनी, बेसिनखालचं कपाट माझ्या डोक्याच्या वर जातंय, डॉक्टर काय शिडीवर चढून हात धुणार? म्हटलं, तुम्ही निमूट कापा, आकडे मी तपासलेत. कापतो बापडा, म्हणे, मालकीण तुम्ही. आणि दातातली काडी माझ्या पायाशी टाकली. किळसवाणा माणूस!
संकल्प: उद्यापासून कारखान्यात काड्या बंद.

७ मार्च
काड्या चालूच. आता दोन टाकतो.

९ मार्च
कपाटं दवाखान्यात गेली आणि त्याच टेम्पोनं परत आली. बेसिनखालच्याला औषधांच्या कपाटाची उंची. चपलांच्याला बेसिनखालच्याचं माप. फायलींचं कपाट गुडघ्याएवढं. आणि औषधांचं? ते मागच्या गिऱ्हाइकाच्या पलंगातल्या खणाएवढं. डॉक्टर यांना म्हणाले, चार दिवस देतो, नाहीतर दुसरा कारखाना बघतो. हे जेवले नाहीत. वर अन्न वाया.
मशीनच बिघडलंय, दुसरं काय! माझे आकडे बरोबर होते.

१० मार्च
सून आली. पदर खोचून तिच्या मागेच उभी राहिले, चूक सापडली की दाखवायला. तिनं तक्ता उघडला. वरचं 'श्री' वाचलं. मग ती ओळ एका बोटानं काढली. सगळी चित्रं आपापल्या मापावर आली, शहाण्या पोरांसारखी. पहिल्या कपाटाला म्हणे 'श्री'त आकडा सापडेना, म्हणून ते मागच्या गिऱ्हाइकाच्याच मापावर अडून बसलं होतं. सुतार दारातून म्हणाला, वहिनी, देवानं सगळ्यांना एकेक घर पुढं ढकललं बघा! दात काढून हसला. ते दात!
सुनेनं हळूच विचारलं, आई, ही ओळ कोणी घातली?
म्हटलं, व्हायरस असेल.
देवा, क्षमा कर. हे शेजारीच उभे होते, दुसरं काही सुचलं नाही.

१३ मार्च
नवी कपाटं गेली. डॉक्टर खूश. तक्त्याला सुनेनं पासवर्ड घातला. बरंच झालं, त्या घाणीत बसायची मला हौस नव्हतीच.
संध्याकाळी तिनं घरखर्चाचाही तक्ता केला. आई, तुम्ही फक्त बिलं द्या, म्हणाली, बेरीज आपोआप होते. हे लगेच म्हणाले, दे तिला, तुलाही जरा विश्रांती.
दिली.
ती उठल्यावर बेरीज तोंडी करून पाहिली. दोनदा.
बरोबर आहे. शी!