खोक्यांना फाटक उघडतं

ताईस धाकट्या झोंगपिंगचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. परदेशी मदत म्हणून जाणाऱ्या मास्कच्या खोक्यांवर मैत्रीच्या कवितेच्या ओळी छापतात, त्या मीच निवडतो. खोकी विमानाने सातासमुद्रापार पोचतात.

मी मात्र इमारतीच्या फाटकापर्यंतच पोचलो. मोबाइलमधला कोरोनाचा आरोग्य-कोड लाल झालाय, म्हणजे बाहेर पडायला बंदी. फाटकावर बसलेल्या वस्ती समितीच्या चिउकाकूंना म्हटलं, "अहो, मला साधी सर्दीही नाही, तिकडे गावी बाबा अखेरच्या घटका मोजताहेत!"

"मला पटतं रे, पण फोनला पटायला हवं ना!"

आता चौदा दिवस असाच कोंडलेला राहणार. बाबांकडे तेवढे नाहीत, हे तू लपवलंस तरी कळलं. तू झोपतेस ना गं?

आपल्या गावाकडे जाणाऱ्या भाजीच्या ट्रकवाल्याचा कोड हिरवा आहे, म्हणून पत्र त्याच्याकडे देतोय. बाबांनी विचारलं, तर झोंगपिंग गाडीत बसलाय म्हणून सांग.

तुझा,
झोंगपिंग