लेकराला निजवायचं कुठं

माय, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता कसलं चिडायचं, असं कुणीही म्हणेल. पण घरात माझ्या लेकीचं पहिलं लेकरू आहे, बारा दिवसांचं, आणि त्याला निजवायचं कुठं यावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलंय सगळ्यांनी.

खोली एक आणि बिछाने तीन. जावयानं पुण्याहून कठड्याचा लाकडी पलंग पाठवला, तोही सुट्या फळ्यांत. तो जोडायच्या आधीच ह्यांनी छताच्या कडीला झोळी बांधली. सासूबाईंना दोन्ही नको. "लेकरू आईच्या कुशीतच ऊब धरतंय. आमी पाच वाढवले, एकाला बी फळीवर न्हाई टाकलं," म्हणतात. वर मोहरीची उशी शिवून तयार. मी वीस वर्षं अंगणवाडीत सांगत आले, बाळाला पाठीवर निजवा, वेगळं निजवा, उशी नको. चौसाळ्यातल्या बायका ऐकतात, घरात कुणी ऐकेल तर शपथ. शेवटी लेकच वैतागली. "आई, गावाला सांगतीस, मग इथं काहून गप्प बसतीस?"

गप्प बसले होते ते तुझ्यामुळं. हीच लेक दहा-बारा दिवसांची आहे, मी तुझ्या घरी बाळंतीण. दुपारी तिला पाजता पाजता माझा डोळा लागतो. जाग येते तेव्हा कूस रिकामी. घाबरून चुलीपाशी येते, तर तू तिला सुपात निजवून शेजारी ठेवलेलं, आणि पाठ फिरवून भाकरी थापतेयस. शेजारीण बसलेली आहे. मी विचारते, "काहून उचललीस?" तू मागं न बघता म्हणतेस, "झोपेवाल्या बाईपाशी लेकरू ठेवू नये." शेजारीण हसली. त्यानंतर रोज तेच. मी जरा कलंडले की तू लेकरू उचललंच. सव्वा महिना व्हायच्या आत मी सासरी निघून गेले, पंचमीला बोलावणं आलं तरी आले नाही. पुढं येणं-जाणं सुरू झालं, पण त्या गोष्टीवर आपण कधी बोललो नाही. माझ्या लेकीपासून तिचं लेकरू मी असं तोडणार नाही, हे तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

परवा उमापूरची मावशी बाळाला बघायला आली. तीन-तीन बिछाने बघून हसली. मग सासूबाई लेकराला लेकीच्या कुशीत ठेवायला लागल्या तशी ती उठून मला ओट्यापाशी घेऊन गेली. म्हणाली, "तिथं निजू देऊ नको गं. तुझ्या आईचं पयलं तसंच गेलतं."

मला कळेचना. माझ्या आधी कुणी होतं?

"पोरगा होता, दोन महिन्यांचा. तुझी आई दिवसभर खुरपून आलती, त्याला कुशीत घेऊन निजली. सकाळी लेकरू गार. सासरचे म्हणाले, हिनं झोपेत चेंगारलं. खरं काय झालतं, देवाला ठावं. पर झोपेवाली म्हणून नाव पडलं तिचं, ते लई दिवस गेलं न्हाई."

माय, हे मला सांगायला तुला काय झालं होतं? एक वाक्य पुरलं असतं. मी तुला माझं लेकरू स्वतः होऊन दिलं असतं. सव्वीस वर्षं तो शब्द मी माझा समजून वागवला. त्या शब्दानं तुझं काय केलं होतं, हे कळायला मावशीला एवढ्या लांबून यावं लागलं. आणि ज्या शब्दानं तू होरपळलीस, तोच तुला माझ्यासाठी सापडावा?

त्याच संध्याकाळी मी झोळी सोडली, पलंग जोडून घेतला आणि लेकीच्या बाजेला भिडवला. तिचा हात पोचतो. खाली कडक गादी, उशी नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. लेकीनं विचारलं, "एकाएकी कसं ठरलं?" म्हटलं, "डॉक्टर सांगतात म्हणून."

हे कागद मी फाडून टाकणार आहे, लेकीच्या हाती लागायला नकोत. मघाशी तिला सगळं सांगायचं म्हणून तिच्यापाशी जाऊन बसले होते. ती म्हणाली, "काय गं?"

मी म्हणाले, "काही नाही. शेपू करू का मेथी?"