गेटवर अडलेला पोळपाट

मांजरी, पुणे
१७ फेब्रुवारी २००९

ती. गोदाआत्यास,

आयुषचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? वर्ध्याला ऊन तापायला लागलं असेल, दुपारची बाहेर पडू नकोस. तुझ्या योगेशची चिमुकली आता टकमक बघते म्हणे. आम्ही दोघं ठीक. फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. तुमचा फोन बैठकीत असतो, आणि मी इकडून जे बोलतो ते तू तिकडे सगळ्यांना मोठ्याने सांगत जातेस, एवढंच कारण.

तर गेल्या महिन्यात कंपनीच्या गेटवर माझ्या बॅगेत पोळपाट सापडला. (मुळापासून सांगतो.) तीन वर्षांपूर्वी कंपनीने लॅपटॉप दिला तेव्हा तू गल्लीत पेढे वाटले होतेस. तेव्हापासून तो माझ्या मांडीवरून उतरलेला नाही. कंपनीच्या बसने हिंजवडीला जाताना दोन तास, येताना दोन तास, घरी सोफ्यावर पुन्हा तोच. थंडीत मांड्या चांगल्या शेकून निघायच्या आणि मला वाटायचं, फुकटचा शेक मिळतोय!

आता जरा अवघड. मूल होत नाही म्हणून आम्रपालीने दोन वर्षं तपासण्या केल्या, सुया टोचून घेतल्या, स्वारगेटला बस बदलून एकटी जायची. तिचं सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी मला बोलावलं की मला नेमकं काम निघायचं. (अकरा महिने निघत होतं. खरं म्हणजे घाबरलो होतो.) शेवटी गेलो. डॉक्टर नारायण पेठेतले, वय सत्तर, शब्द मोजके. म्हणाले, शुक्राणू कमी आहेत, हालचालही मंद. मग माझा दिनक्रम ऐकला आणि म्हणाले, "टेबल नावाची वस्तू पुण्यात मिळते." उष्णतेने असं होऊ शकतं, पण तेवढ्यानेच झालं असं ते छातीठोक सांगत नाहीत. लॅपटॉप मांडीवर नको, घट्ट जीन्स नको, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, म्हणाले.

आता बसमध्ये टेबल कुठून आणू? आम्रपालीने मधे ठेवायला पोळपाट दिला (आणि घरात पोळ्यांऐवजी भाकरी सुरू केली). गेटवर वॉचमन गेनबामामांनी बॅग उघडली. "सायेब, ह्यो कंपनीचा हाय का घरचा?" रजिस्टरमध्ये नोंद झाली: पोळपाट, लाकडी, नग एक. वर, "आन् लाटणं कुठं हाय?" मागे चाळीस जण रांगेत. संध्याकाळी तो बाहेर न्यायला मॅनेजर श्रीनिवासची सही लागली. त्याने मुकाट्याने सही केली, आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, लाकूड कुठलं? (डॉक्टरांनी हे ऐकल्यावर सांगितलं, पोळपाट पोळ्यांना ठेवा, बसमध्ये डोळे मिटा. आता तेच करतो.)

रिपोर्ट आम्रपालीने दोनदा वाचला. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. तर म्हणाली, "तुझ्या माणसांना सांगू नकोस. उगाच तुझी मान खाली जाईल." मला रडूच आलं. गेल्या वर्षी आपण दीक्षाभूमीवर जमलो होतो, तेव्हा तू सगळ्यांदेखत तिला म्हणालीस, "पोरी, एखाद्या चांगल्या डॉक्टरीणबाईले दाखव ना." तू मायेनेच म्हणालीस. तिने मान हलवली. मी शेजारी उभा राहून आलुबोंडा खात होतो. आत्या, मला त्या आलुबोंड्याची अजून लाज वाटते.

हे फक्त तुला, कारण तू मला वाढवलंस. कुणाला कळता कामा नये, योगेशलाही नाही. वाचून पत्र फाडून टाक. या अटीवरच आम्रपालीने लिहू दिलंय.

तुझा
आयुष

ता. क. रविवारी चिमुकलीच्या बारशाला आम्ही दोघं येतोय. तिने बाळासाठी झबलं शिवलंय.

ता. क. दुसरा. आम्रपाली चहा टाकायला गेली आहे, म्हणून घाईत लिहितो. पत्र फाडू नकोस. आत्या, तुझ्या तोंडात आजवर तीळ भिजलेला नाही, कृपा करून याही वेळी भिजू देऊ नकोस. आम्ही पोचायच्या आत घरातल्या एकूण एक बाईला कळू दे की कमी माझ्यात आहे, तिच्यात नाही. आणि पाळण्याची दोरी सगळ्यांत आधी तिच्या हातात दे.